आजोबांचा पगार आणि आजचा खर्च : जुन्या-नव्या कमाईची तुलना सोलापूरच्या घरात बसून कशी करायची

"आमच्या वेळी ज्वारी रुपयाला इतकी मिळायची" या वाक्यात अर्धीच गोष्ट असते. तो रुपया मिळवायला किती तास मागावर उभं राहावं लागायचं, किंवा सुपापुढे बसून किती विड्या वळाव्या लागायच्या, हे त्यात येत नाही. "आता पगार केवढे वाढलेत" हे वाक्यही तसंच अर्धं. त्या पगारातलं किती भाड्यात, फीमध्ये आणि दवाखान्यात जातं, ते कुणी सांगत नाही. दोन अर्ध्या गोष्टी एकमेकांवर आपटून घरोघरी वाद होतात आणि हाती काही लागत नाही.

हा हिशेब नीट करता येतो. त्याला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. लागते एक वही, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर, घरातली जुनी कागदपत्रं आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी निवांत बोलायला दोन-चार संध्याकाळी. सोलापूरसाठी तर हे काम मला फार मोलाचं वाटतं. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडगिरण्यांच्या भोंग्यावर चालणारं हे शहर आपल्या आई-वडिलांच्या डोळ्यांदेखत यंत्रमाग आणि विडीवर आलं. त्या बदलात कुणाचं काय गेलं आणि कुणाच्या पदरात काय पडलं, ते घराघरातल्या आकड्यांतच सापडेल.

आधी प्रश्न पक्का करा

तुलना म्हणजे एकच गोष्ट नव्हे. तुम्हाला नक्की काय हवंय? जुन्या रकमेची आजची किंमत हवी असेल तर काम सोपं आहे, सरकारी निर्देशांकावरून, म्हणजे भाव किती पट वाढले ते सांगणाऱ्या आकड्यावरून, दहा मिनिटांत होतं. एका दिवसाच्या कामात तेव्हा काय यायचं आणि आज काय येतं हे हवं असेल, तर दोन्ही काळांची मजुरी आणि दोन्ही काळांचे भाव लागतात. आणि अख्खं घर तेव्हा कसं चालायचं, आज कसं चालतं हे बघायचं असेल, तर महिन्याच्या खर्चाची पूर्ण यादी मांडावी लागते. पहिलं उत्तर काढून तिसऱ्या प्रश्नावर भांडत बसू नका. माझ्या मते खरं सांगणारा प्रश्न दुसरा आहे. या लेखाचा भर त्यावर आहे.

माणूसही ठरवून घ्या. १९८५ च्या मागवाल्याशी आजचा मागवाला ताडून बघा. पुण्याला कंपनीत लागलेल्या त्याच्या मुलाशी त्याची तुलना केली, तर ती शिक्षणाची आणि धंदा बदलल्याची कहाणी होईल. तीही लिहावी, पण वेगळ्या पानावर.

वर्ष निवडताना दुष्काळ टाळा

सोलापूर जिल्ह्यात हे विसरून चालणार नाही. १९७२ च्या दुष्काळात बार्शी, करमाळा, सांगोल्याकडच्या लोकांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी पोटात ढकलली. लोकांना भाव आठवतात ते बहुतेक त्याच वर्षाचे, कारण ती आठवण पोटात रुतलेली असते. पण ते वर्ष पाया धरलं तर आजची ज्वारी उगाच स्वस्त दिसेल. उलट, अमाप पिकलेल्या वर्षाचा भाव धरला तर आजची ज्वारी महाग दिसेल. म्हणून शक्य असेल तिथे लागून आलेल्या तीन वर्षांचे भाव घ्या आणि त्यांची सरासरी काढा.

महिन्याचंही तसंच. आपल्याकडे शाळूची रास उन्हाळ्याच्या तोंडाला होते आणि अनेक घरांत तेव्हाच सालाची ज्वारी भरतात. पोत्याचा तो भाव आणि श्रावणात दुकानातून किलो-किलोने आणलेल्या ज्वारीचा भाव एक नसतो. दोन्ही काळांत एकाच हंगामाचा भाव घ्या, आणि खरेदी पोत्याची की किरकोळ, ते शेजारी लिहा.

कमाईची बाजू : हातात काय पडायचं

इथे घाई करू नका. सोलापुरात कमाईचे तीन ठळक साचे आहेत आणि तिन्हींचा हिशेब वेगळा होतो.

गिरणी कामगाराचा पगार म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता. त्याशिवाय प्रॉव्हिडंट फंडात मालकाचा वाटा, ईएसआयचा (कामगार विमा योजनेचा) दवाखाना आणि दिवाळीचा बोनस. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान बोनस ठरवून दिला. पुढे ते प्रमाण ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण एक पगार, असं झालं. आजोबा "मला अमुक पगार होता" म्हणाले की विचारा : मूळ पगार सांगताय, भत्त्यासह सांगताय की कापून हातात आलेला? कायम होते की बदली कामगार? बदलीवाल्याला रोज दारावर जाऊन उभं राहावं लागायचं. त्याचा रोज माहीत असून भागत नाही, महिन्यात किती पाळ्या भरल्या हेही लागतं.

यंत्रमागावर हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, असतो. मजुरी बहुतेक उत्पादनावर, म्हणजे चादर किंवा टॉवेलच्या नगावर किंवा वजनावर. वीज गेली, सूत आलं नाही, माग बिघडला की हप्ता घसरतो. त्यामुळे एका चांगल्या आठवड्याला चाराने गुणून महिना काढू नका. वर्षातले किती आठवडे पूर्ण काम होतं ते विचारा. पाळी आठ तासांची होती की बारा तासांची, हेही विचारा. बारा तास उभं राहून आणलेले पैसे आठ तासांच्या पैशांशी थेट ताडले, तर चार तासांचे कष्ट हिशेबातून गायब होतात.

विडीचा हिशेब सगळ्यांत बारीक. दर हजारी ठरलेला असतो, पण हजार वळल्या म्हणजे हजारांचे पैसे मिळतात असं नाही. कारखान्यातून पानं, तंबाखू आणि दोरा मिळतो. विड्या भरायला नेल्या की त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला पडतात. पानं कमी पडली तर पदरचे पैसे घालून विकत आणावी लागतात. म्हणून हिशेब असा मांडा : आठवड्यात मंजूर झालेल्या विड्या, गुणिले हजारी दर, भागिले हजार. त्यातून विकत आणलेल्या पानांचा खर्च वजा. मग बघा किती तास लागले. यात आणखी एक गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते. पानं भिजवणं, कापणं आणि दोरा बांधणं यात घरातल्या मुली-सुनांचेही हात असतात. एका बाईच्या नावावरची मजुरी खरं तर दीड-दोन माणसांच्या कामाची असते. तासांच्या रकान्यात ते तास धरलेच पाहिजेत.

पुरावा म्हणून काय शोधायचं? पगाराची चिठ्ठी, पीएफची स्लिप, विडी कामगाराचं कार्ड, पतपेढीचं किंवा पिग्मीचं पुस्तक, भाड्याच्या पावत्या, लाइट बिलं, शाळेच्या फीच्या पावत्या, घराचं खरेदीखत. लग्नाची वही तर हमखास असते. तिच्यात आहेराबरोबर आचारी, मांडव, साखर, तूप यांचे खर्च तारखेसकट लिहिलेले असतात.

नुसती आठवण वापरायची असेल तर "१९७८ साली पगार किती होता?" असं विचारू नका. "थोरलीचं लग्न झालं तेव्हा हप्ता किती यायचा?", "गड्ड्याच्या जत्रेत पोरांना घेऊन गेलात तेव्हा पाळण्याला किती पैसे पडायचे?" असं विचारा. साल विसरतं, जत्रा विसरत नाही. आणि पूर्व भागातल्या एखाद्या आजीला तेलुगूत किंवा अक्कलकोटकडच्या आजोबांना कन्नडमध्ये विचारलंत, तर ते पैशांचा हिशेब जास्त मोकळेपणाने सांगतात.

भावाची बाजू : किराणा दुकानाची वही कशी वाचायची

माझ्यापुढे आलेल्या कागदांत सगळ्यांत जास्त शिकवून गेली ती उधारीची किराणा वही. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. पानावर डावीकडे तारीख, मग "ज्वा.", "तूरडाळ", "गो. तेल", "गूळ", "रॉ." अशी आखूड नावं, पुढे माप आणि उजवीकडे रुपये-पैसे. तळाशी "जमा" आणि "बाकी". बरेच जण यातून फक्त भाव उतरवून घेतात आणि वही मिटतात. तसं करू नका. "बाकी"चा आकडा महिन्यामागून महिना खाली उतरवत जा. बाकी दर महिन्याला वाढत गेली असेल, तर त्या घराचा हप्ता खर्चाला पुरत नव्हता. दिवाळीत एकदम खाली आली असेल, तर बोनस थेट दुकानदाराकडे गेला. हे कुठल्याही सरकारी तक्त्यात सापडणार नाही. शिवाय उधारीचा भाव रोखीपेक्षा थोडा चढाच असतो. म्हणून वहीतले भाव आजच्या रोखीच्या भावाशी लावताना तशी नोंद ठेवा.

घराबाहेरही साधनं आहेत. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या फायली मागा आणि बाजारभावाचा रकाना बघा. सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर १८८४ चं आहे आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १९७७ ची आहे. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२५ साली सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या कुटुंबखर्चाची पाहणी केली होती. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या पुढाकाराने पुण्याच्या गोखले संस्थेने या शहराचा जो सामाजिक-आर्थिक अभ्यास केला, तो १९६५ साली छापला गेला. शंभर वर्षांपासून मोजमाप होत आलेली अशी शहरं देशात थोडी आहेत. त्याचा फायदा घ्या.

मापं आणि नाणी एका रांगेत आणा

१ एप्रिल १९५७ पूर्वीचा रुपया १६ आण्यांचा. आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. दशमान पद्धत आल्यावर १ आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे झाले. म्हणजे "साडेपाच आणे" हे ३४ पैशांच्या थोडं पुढे जातात.

वजनी शेर ८० तोळ्यांचा, साधारण ९३३ ग्रॅम. मण ४० शेरांचा, म्हणजे ३७.३ किलो. पण शेर, अधोली, पायली ही मापाचीही नावं आहेत आणि मापाचा शेर वजनाच्या शेराशी जुळत नाही. घरात जुनी पायली असेल तर ती ज्वारीने शिगोशीग भरा आणि वजनकाट्यावर ठेवा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्या घरातल्या मापाचं उत्तर जास्त भरवशाचं.

सोन्याच्या बाबतीत जपा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि आजचा बोलीतला तोळा १० ग्रॅमचा. इथेच सहाव्या-सातव्या हिश्शाचा फरक पडतो.

पहिली रीत : निर्देशांक

केंद्र सरकारचं लेबर ब्युरो दर महिन्याला औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतं. ज्या शहरांतून त्यासाठी भाव गोळा होतात त्यांत सोलापूर आहे, त्यामुळे सोलापूरचा वेगळा आकडा मिळतो. खेड्यातल्या शेतमजुरीचा हिशेब करणार असाल तर शेतमजुरांचा निर्देशांक वेगळा निघतो, तो घ्या.

अडचण एकच : पायाभूत वर्ष बदलत गेलंय. १९६०, १९८२, २००१ आणि २०१६ या वर्षांना आळीपाळीने १०० धरलं गेलं. एका मालिकेतून दुसरीत जायला जोडगुणक असतो. देशपातळीवर १९८२ कडून १९६० कडे जाताना ४.९३ ने, २००१ कडून १९८२ कडे ४.६३ ने आणि २०१६ कडून २००१ कडे २.८८ ने गुणायचं. सोलापूरचे जोडगुणक वेगळे आहेत. शहराची मालिका वापरली तर जोडगुणकही शहराचेच वापरा, सरमिसळ नको.

आता करून बघू. डिसेंबर २०२४ चा देशाचा निर्देशांक १४३.७ होता, पाया २०१६. त्याला २.८८ ने गुणलं की ४१३.९ झाले. पुन्हा ४.६३ ने गुणलं की १९१६, आणि ४.९३ ने गुणलं की साधारण ९४४७. याचा अर्थ १९६० साली जे १०० रुपयांना यायचं, त्याला २०२४ अखेर ९,४४७ रुपये पडतात. दर सुमारे साडेचौऱ्याण्णव पट.

बाकीच्या दशकांसाठी वर आलेला त्याच पायाचा आकडा (१९६० साठी ९४४७, १९८२ साठी १९१६, २००१ साठी ४१३.९) त्या त्या वर्षाच्या निर्देशांकाने भागा. १९७०-७१ चा १८६ (पाया १९६०) : सुमारे ५१ पट. १९८०-८१ चा ४०१ (पाया १९६०) : साडेतेवीस पट. १९९०-९१ चा १९३ (पाया १९८२) : जवळजवळ १० पट. २०००-०१ चा ४४४ (पाया १९८२) : ४.३ पट. २०१०-११ चा १८० (पाया २००१) : २.३ पट. हे पाच आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. १९९० च्या सुमाराला वडिलांना ९०० रुपये मिळत असतील, तर ते २०२४ अखेरच्या नऊ हजारांच्या घरात बसतात. हे झालं पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

या रीतीने एक पक्का दाखला मांडता येतो. चौथ्या वेतन आयोगाने १९८६ पासून केंद्राच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याला ७५० रुपये मूळ पगार दिला. तो पगार ६०८ या निर्देशांकाला (पाया १९६०) बांधलेला होता. ९४४७ ला ६०८ ने भागलं की १५.५ पट येते, म्हणजे ७५० चे साधारण ११,६५० रुपये झाले. सातव्या आयोगाचा किमान पगार १८,००० आणि जानेवारी २०२५ चा महागाई भत्ता ५५ टक्के, मिळून २७,९००. घरभाडं भत्ता दोन्हीकडे बाजूला ठेवलाय. म्हणजे सोलापूर रेल्वे विभागात त्या काळी सर्वांत खालच्या पगारावर लागलेल्या माणसाच्या तुलनेत २०२५ च्या सुरुवातीला त्याच पायरीवरच्या माणसाची खरेदीची ताकद दुपटीहून जास्त होती. आता हाच गुणाकार तुमच्या गल्लीतल्या मागवाल्याचा आणि विडीवालीचा करा. १९८६ चा हप्ता पंधरा-साडेपंधरा पटीने वाढवला, तर आजच्या हप्त्याच्या वर जातो की खाली राहतो? महागाई बघून दर सहा महिन्यांनी भत्ता ज्याच्या हातात पडतो आणि ज्याला मजुरी वाढवून घ्यायला मोर्चा काढावा लागतो, त्या दोघांची वाट इथून वेगळी होते. किमान वेतनाच्या कायद्यात यंत्रमाग आणि विडी दोन्ही येतात, विशेष भत्ताही ठरतो. तेव्हा कागदावरचा दर आणि हातात पडलेला दर हे दोन रकाने वेगळे ठेवा.

सोन्याने मोजू नका

"आजोबांच्या पगारात इतकं सोनं यायचं" हा हिशेब हल्ली मोबाइलवर फार फिरतो. वरचाच दाखला सोन्याने मोजून बघा. १९८६ ला १० ग्रॅम सोनं सुमारे २,१४० रुपये होतं, म्हणजे ७५० रुपयांत साडेतीन ग्रॅम. जानेवारी २०२५ ला सुमारे ८०,००० होतं, म्हणजे २७,९०० रुपयांत पुन्हा साडेतीन ग्रॅमच. सोनं सांगतं पगार जागच्या जागी आहे, बाजारहाट सांगते दुपटीहून वाढला. खरं कोणाचं? घर ज्वारी, तेल, भाडं, फी आणि औषधावर चालतं, म्हणून निर्देशांकाचं. सोन्याचा भाव जगाच्या बाजारावर आणि डॉलरवर हलतो. मुलीच्या लग्नाचा खर्च काढताना सोनं जरूर धरा, कारण तिथे ते खरोखर विकत घ्यावं लागतं. राहणीमान मोजायला ते माप चालत नाही.

दुसरी रीत : एका दिवसाच्या कामात काय येतं

ही रीत मला सगळ्यांत जवळची वाटते, कारण यात निर्देशांकावर विश्वास ठेवावा लागत नाही आणि म्हाताऱ्या आजीलाही ती लगेच पटते. वस्तूचा भाव भागिले दिवसाची निव्वळ कमाई. उत्तर येतं दिवसांत.

रीत दाखवण्यापुरते मनाचे आकडे घेऊ. आजीची दिवसाची कमाई १२ रुपये, ज्वारी किलोला ३, खोलीचं भाडं महिना १००, डॉक्टरची एक खेप १० रुपये. आज सुनेची कमाई २५०, ज्वारी ४०, भाडं ४,०००, डॉक्टर ३००. आजीला दिवसाच्या कमाईत ४ किलो ज्वारी, सुनेला सव्वासहा. म्हणजे भाकरी स्वस्त झाली. भाड्यासाठी आजीचे सव्वाआठ दिवस जायचे, सुनेचे १६ जातात. डॉक्टरसाठी आजीचा पाऊण दिवसाहून थोडा जास्त, सुनेचा सव्वा दिवस. एकाच घरात, एकाच कामावर काही गोष्टी हाताशी आल्या आणि काही लांब गेल्या. आता "तेव्हा स्वस्ताई होती की आता?" हा प्रश्न एकाच उत्तराचा राहत नाही, आणि तसाच तो असायला हवा.

तुमच्या खऱ्या आकड्यांनी दहा-बारा वस्तूंचा असा तक्ता करा. ज्वारी, तूरडाळ, शेंगतेल, साखर, दूध, एक साडी, एक चादर, एसटीचं पंढरपूरचं तिकीट, खोलीचं भाडं, शाळेची वर्षाची फी, डॉक्टरची फी, हजार विटा. चादर मुद्दाम सांगतोय. जो माणूस चादर विणतो, त्याला ती विकत घ्यायला किती दिवस काम करावं लागतं हे बघितल्यावर मजुरीबद्दल बरंच कळतं. कामाचे तास बदललेले असतील तर दिवसांऐवजी तासांत मांडा.

तिसरी रीत : जुनी यादी, नवी यादी

अख्ख्या घराचा हिशेब करताना जुन्या महिन्याची यादी आजच्या भावाने मांडा. मग आजच्या महिन्याची यादी जुन्या भावाने मांडा. दोन उत्तरं वेगळी येतील आणि ते चुकलेलं नसतं. समजा, जुन्या यादीला तेव्हा १,००० लागायचे आणि आज तीच यादी १२,५०० ला पडते : साडेबारा पट. आजच्या यादीला २२,००० लागतात आणि तेव्हा तीच २,६०० ला पडली असती : साधारण साडेआठ पट. खरी महागाई या दोन्हींच्या मधे. दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की १०.३ येतं. तो आकडा वापरा. फरक पडतो कारण माणसं महागलेली वस्तू कमी घेतात आणि दुसरीकडे वळतात. रॉकेल गेलं, गॅस आला. जाड्याभरड्या सुती कापडाच्या जागी सिंथेटिक आलं.

निर्देशांकातल्या भारांकावरूनही, म्हणजे कोणत्या खर्चाला किती वाटा धरलाय त्यावरूनही, हेच दिसतं. कामगार कुटुंबाच्या खर्चात खाण्यापिण्याचा वाटा १९८२ च्या मालिकेत ५७ टक्के होता, २००१ च्या मालिकेत ४६ आणि २०१६ च्या मालिकेत ३९ टक्के. किरकोळ म्हणून ज्याला म्हणतात, म्हणजे शिक्षण, औषध, प्रवास, फोन, तो वाटा १६ वरून २३ आणि मग ३० टक्क्यांवर गेला. घरभाड्याचा वाटा पावणेनऊवरून सतराजवळ आला. घरची ओढाताण ज्वारीच्या डब्यातून निघून फीच्या पावतीत गेली आहे. मागच्या पिढीची भूक आणि आजच्या पिढीचं कर्ज ही दोन्ही खरी दुखणी आहेत. एकाने दुसऱ्याला "तुमचं काय होतं" म्हणू नये, एवढ्यासाठी तरी हा तक्ता घरात असावा.

जे रकान्यात बसत नाही

जे तेव्हा नव्हतंच, उदाहरणार्थ मोबाइलचं रिचार्ज, त्याचा जुना भाव काढायचा प्रयत्न करू नका. "नवे खर्च" असा वेगळा रकाना ठेवा. सोलापुरात पाण्याचा खर्च त्यात येतो. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून टाकी, मोटार, तिचं लाइट बिल, पिण्याच्या पाण्याचे जार हे सगळं घराच्या अंगावर पडतं. जुन्या चाळीत सार्वजनिक नळावर रांग होती, पैसे जात नव्हते, बायकांचा वेळ जात होता. तो वेळ तासांत लिहा.

रेशनचं धान्य बाजारभावाने धरू नका. अन्नसुरक्षा कायद्याचं कार्ड असलेल्या घराला २०२३ पासून ते धान्य फुकट मिळतं, तेव्हा जितकं मिळतं तितक्याला शून्य लिहा आणि वरून विकत आणलेल्याला बाजारभाव. जुन्या काळातही रेशनची साखर आणि दुकानची साखर यांचे दोन भाव होते.

भाड्यात सारखी खोली सारख्या खोलीशी लावा. जुन्या भाडेकायद्याखाली गोठलेलं चाळीचं भाडं आणि आजच्या नव्या भाडेकरूचं भाडं यांची तुलना केली तर आकडा भडक येतो. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत किंवा रे नगरात घर मिळालेल्या कुटुंबाच्या भाड्यापुढे शून्य येईल. पण कर्जाचा हप्ता असेल तर तो, आणि शहरात कामाला यायचं रोजचं रिक्षाभाडं धरलंच पाहिजे.

कमावणारी माणसं किती आणि खाणारी तोंडं किती, हे दोन्ही काळांत लिहा. एका गिरणीच्या पगारावर सात माणसं जगत होती आणि आज तिघांच्या कमाईवर चार माणसं जगत असतील, तर एकूण उत्पन्नाचा आकडा खूप चांगला दिसेल. प्रत्येक कमावत्याच्या तासामागे काय येतं, हे त्याच्या शेजारी हवं. गिरणीबरोबर गेलेला पीएफ आणि दवाखाना यांचेही पैसे करा : आज तेच संरक्षण विकत घ्यायचं तर आरोग्य विम्याला आणि म्हातारपणासाठी महिना किती बाजूला टाकावे लागतील, तेवढे जुन्या पगारात मिळवा.

वही कशी मांडायची

प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला ते एका अक्षरात लिहा : पावतीतून असेल तर "पा", किराणा वहीतून "व", छापील पुस्तकातून "छा", आठवणीतून "आ". दोन "आ" एकमेकांशी जुळत नसतील तर सरासरी काढू नका, दोन्ही ठेवा आणि तिसऱ्या माणसाला विचारा. गुणाकाराला कोणता निर्देशांक, कोणत्या महिन्याचा आणि कोणत्या पायाचा घेतला, ते पानाच्या वर लिहा. म्हणजे पुढच्या वर्षी नवा आकडा घालून हिशेब पुढे नेता येतो. कागदांचे फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची आजची बिलं दोन-तीन वर्षांत पांढरी पडतात, म्हणून या महिन्याचं किराण्याचं बिल, लाइट बिल आणि हप्त्याची चिठ्ठी त्याच वहीत आजच शाईच्या पेनने उतरवून घ्या. वहीचं एक पान घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. जिथे ते "असं नव्हतं" म्हणतील, तिथे पेन घेऊन थांबा.